वोनोसोबोसारख्या लहान गावात स्वस्त हॉटेलात राहताना : दिएंगला जाणाऱ्यांसाठी व्यवहारातील सूचना

पायवाट :

इंडोनेशियाला जाणारे आपल्याकडचे बहुतेक प्रवासी बाली आणि फार तर योग्यकर्ता येथपर्यंत जातात, आणि त्या दोन्ही ठिकाणी कमी खर्चात कसे राहावे याविषयी भरपूर माहिती मिळते. मध्य जावातील दिएंगच्या पठारावरची शिवमंदिरे पाहायला जाताना मात्र वोनोसोबो या जिल्ह्याच्या गावी मुक्काम करावा लागतो, किंवा निदान करणे सोयीचे असते. तिथल्या साध्या निवासांविषयी मराठीत सविस्तर लिहिलेले माझ्या पाहण्यात आले नाही, म्हणून चर्चेचा हा धागा काढत आहे. इथे लिहिलेल्या बऱ्याच गोष्टी जावातील कोणत्याही लहान गावाला लागू पडतील, पण उदाहरण म्हणून वोनोसोबोच समोर ठेवले आहे.

गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० ते ८०० मीटर उंचीवर आहे आणि दिएंगचे पठार तिथून सुमारे २६ किलोमीटरवर, जवळजवळ २,००० मीटर उंचीवर आहे. योग्यकर्त्याहून येताना जोंबोर स्थानकावरून मगलांगची बस आणि मगलांगहून वोनोसोबोची बस असा टप्प्याटप्प्याने प्रवास करता येतो. ज्यांना गाडी बदलणे नको असेल त्यांच्यासाठी सामायिक भाड्याच्या छोट्या गाड्या असतात, ज्यांना तिथे ‘ट्रॅव्हल’ म्हणतात. सुंबिंग आणि सिंदोरो या दोन ज्वालामुखींच्या मधल्या खिंडीतून रस्ता गावात उतरतो. प्रवासाला तीन ते चार तास लागतात, आणि दुपारनंतर डोंगरात पाऊस धरत असल्यामुळे सकाळी निघून दुपारी दोनच्या सुमारास पोहोचणे उत्तम ठरते. बहुतेक ठिकाणी खोली दुपारी दोन वाजता मिळते आणि दुसऱ्या दिवशी बारा वाजता सोडावी लागते.

निवासांची नावे पाहून नवखा माणूस गोंधळतो. ताराधारी हॉटेलांखालच्या साध्या हॉटेलांना ‘मलाती’ या वर्गाने ओळखले जाते. त्याखेरीज ‘लोसमेन’, ‘पंगिनापान’, ‘विस्मा’ आणि ‘होमस्टे’ अशा पाट्या दिसतात. पाटीवरच्या नावावरून दर्जाचा अंदाज बांधू नये, असे माझे ठाम मत आहे. घरमालकीण स्वतः लक्ष घालते असा एखादा जुना लोसमेन नव्या, चकचकीत दर्शनी भागाच्या हॉटेलापेक्षा कितीतरी स्वच्छ असू शकतो. साध्या दुहेरी खोलीचे भाडे साधारण १,००,००० ते २,५०,००० रुपियाच्या दरम्यान असते. आपल्या चलनात एक लाख रुपिया म्हणजे अंदाजे ५०० ते ५५० रुपये होतात. तिथे मोठ्या आकड्यांत हजारासाठी स्वल्पविरामाऐवजी टिंब वापरतात आणि बोलताना शेवटची तीन शून्ये गाळतात. मालकाने ‘सरातुस लिमा पुलुह’, म्हणजे दीडशे, असे सांगितले तर ते दीडशे हजार आहेत हे लक्षात घ्यावे.

पैसे देण्यापूर्वी खोली पाहायला मागणे ही तिथे अगदी सर्वमान्य रीत आहे आणि कोणीही त्याचा राग धरत नाही. ‘बोलेह लिहात कामार दुलू?’ एवढे एक वाक्य पाठ करून ठेवावे. पुरुषाला ‘पाक’ किंवा तरुण असल्यास ‘मास’, आणि स्त्रीला ‘बू’ किंवा तरुण असल्यास ‘म्बाक’ असे संबोधून बोलले की पुढचा सारा व्यवहार सोपा होतो. जावाची माणसे आवाज चढवून बोलणाऱ्याशी फार थोडे बोलतात. भाड्याची घासाघीस करायची असेल तर ती हसतमुखाने एकदाच करावी, आणि तीही दोन-तीन रात्रींच्या मुक्कामासाठीच करावी.

खोलीत गेल्यावर पलंगाकडे आधी न पाहता न्हाणीघराकडे पाहावे. ‘कामार मांडी दालाम’ म्हणजे खोलीला जोडलेले आणि ‘कामार मांडी लुआर’ म्हणजे बाहेरचे सामायिक न्हाणीघर, आणि भाड्यातला मोठा फरक बहुधा तिथेच असतो. जुन्या पद्धतीच्या न्हाणीघरात फरशीच्या तुकड्यांनी बांधलेली पाण्याची टाकी असते आणि तिच्यातून ‘गायुंग’ नावाच्या दांड्याच्या तांब्याने पाणी अंगावर घ्यायचे असते. बादली आणि तांब्याने आंघोळ करणाऱ्या आपल्या लोकांना यात काही अवघड वाटणार नाही. त्या टाकीत उतरू नये आणि साबणाचा हात बुडवू नये, कारण तेच पाणी पुढच्या माणसाला वापरायचे असते. टाकीच्या तळाशी पाहावे. तळ स्वच्छ असेल आणि पाण्यात डासांच्या अळ्या नसतील तर ती जागा नीट राखलेली आहे असे समजायला हरकत नाही. हे केवळ किळसेपुरते नाही, कारण इंडोनेशियात डेंग्यूचा प्रादुर्भाव नेहमीचा आहे आणि डेंग्यू पसरवणारा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो.

वोनोसोबोत वातानुकूलनाची गरज नाही, त्यामुळे त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. गरज असते ती गरम पाण्याची, म्हणजे ‘आयर पानास’ची. ‘गरम पाणी आहे का’ असे विचारून थांबू नये, तर नळ उघडून पाणी खरोखर गरम येते का आणि किती वेळाने येते ते समोर पाहावे. काही ठिकाणी ते ठरावीक वेळीच मिळते, तर काही ठिकाणी मागितल्यावर बादलीभर तापवून देतात. दुसरा प्रकारही वाईट नाही, फक्त तो आधी माहीत हवा.

पांघरुणाविषयी मी थोडे अधिक लिहिते, कारण त्यावर झोप अवलंबून असते. जावाच्या सखल भागातील स्वस्त खोलीत पलंगावर एक चादर, उशी आणि ‘गुलिंग’ नावाचा लांबट लोड एवढेच मिळते, आणि अंगावर घ्यायला काही नसते. डोंगराळ गावात ‘सलिमुत’ म्हणजे ब्लँकेट देतात, पण ते एकच असण्याची आणि दमट असण्याची शक्यता असते. वोनोसोबो हे फार पावसाचे गाव आहे, त्यामुळे गाद्या आणि पांघरुणे पुरती वाळत नाहीत. खोली पाहताना ब्लँकेट उलगडून हाताने चाचपावे आणि वास घ्यावा. दमट वाटल्यास तिथल्या तिथे दुसरे मागावे, रात्री दहा वाजता मागण्यात अर्थ नसतो. आपल्याजवळ एक सुती शाल किंवा पातळ चादर बाळगावी, ती खाली-वर कशीही उपयोगी पडते. टॉवेल आणि साबण स्वस्त ठिकाणी मिळतीलच असे नाही.

आवाजाचा विचार दिवसा सुचत नाही. जावाच्या गावांत मध्यभागी ‘आलुन-आलुन’ नावाचे मोठे मोकळे मैदान असते आणि परंपरेने त्याच्या पश्चिमेला गावाची मुख्य मशीद असते. पहाटेची अजान ऋतूनुसार साधारण पावणेचार ते साडेचारच्या सुमारास ध्वनिक्षेपकावरून होते, आणि गावात लहान मशिदीही अनेक असल्यामुळे ती सगळीकडून ऐकू येते. हा त्या गावाच्या जीवनक्रमाचा भाग आहे आणि पाहुण्याने तो आदराने स्वीकारावा. ज्यांची झोप सावध आहे त्यांनी मैदानापासून थोडी दूर, गल्लीच्या आतली खोली पाहावी आणि कानात घालायचे बोळे जवळ ठेवावेत. रस्त्याकडच्या खोलीत मालमोटारी आणि दुचाकींचा त्रास अजानेपेक्षा जास्त असतो, हेही नमूद करते. आणखी एक आवाज परक्या माणसाला कळत नाही : अनेक घरांत विजेचे मीटर आगाऊ पैसे भरण्याचे असतात आणि शिल्लक कमी झाली की ते सतत टीं-टीं वाजू लागतात. तसे ऐकू आल्यास मालकांना सांगावे, नाहीतर मध्यरात्री वीज जाण्याची शक्यता असते.

पैशांबाबत सांगायचे तर, अशा गावात रोख रक्कम लागतेच. दुकानांत दिसणारी क्यूआर पद्धत मुख्यतः तिथल्या बँकांच्या ग्राहकांसाठी आहे, तिच्यावर विसंबून जाऊ नये. परकीय चलन योग्यकर्त्यातच बदलून घ्यावे. गावात बँकांची यंत्रे आहेत, पण एका वेळी निघणाऱ्या रकमेला मर्यादा असते. तिथली काही यंत्रे आधी नोटा देतात आणि कार्ड नंतर परत करतात, म्हणून नोटा हातात आल्यावर लगेच पाठ फिरवू नये. आपल्या कार्डांवर परदेशातील व्यवहार मुळात बंद असतात, ते निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमधून सुरू करून घ्यावेत. काही हॉटेले ५०,००० ते १,००,००० रुपिया अनामत घेतात. तिची ‘कुइतांसी’ म्हणजे पावती मागून घ्यावी आणि सोडताना ती दाखवून पैसे परत घ्यावेत. सांगितलेल्या भाड्यात ‘पाजाक’ म्हणजे कर आणि ‘सारापान’ म्हणजे न्याहारी धरली आहे का, हे खोली घेण्यापूर्वीच विचारावे.

आपापले अनुभव आणि मतभेद जरूर लिहावेत.

दक्षिणवारा :

लेख उपयुक्त आहे, परंतु समक्ष जाऊन, खोली पाहूनच ती घेण्याच्या सल्ल्याशी मी पूर्ण सहमत होऊ शकत नाही. सामान पाठीवर घेऊन पावसात तीन-चार ठिकाणे पाहणे तरुणांना जमते, कुटुंबाला जमत नाही. आरक्षणाच्या संकेतस्थळांवर रद्द करण्याची मुभा असलेली खोली निवडली तर जोखीम फारशी राहत नाही, आणि पुष्कळदा तिथला दर समक्ष सांगितलेल्या दरापेक्षा कमीही असतो.

दुसरे असे की, काही काळात समक्ष जाऊन खोली मिळतच नाही. रमजाननंतरच्या ईदला तिथे ‘लबारान’ म्हणतात. त्या सुमारास कोट्यवधी लोक आपापल्या मूळ गावी जातात, बसगाड्या भरतात आणि लहान गावांतील निवासांचे दर वाढतात. ही तारीख दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते, त्यामुळे मागच्या वर्षीच्या अनुभवावर भिस्त ठेवू नये. जून-जुलैमधील शाळांची सुट्टी, वर्षअखेर आणि दिएंगचा सांस्कृतिक महोत्सव (तो बहुधा ऑगस्टमध्ये असतो) या काळातही आधी आरक्षण केल्याशिवाय निघू नये.

पायवाट :

दक्षिणवारा, आपला मुद्दा मान्य आहे आणि माझे म्हणणे मी अधिक नेमके करते. पहिली रात्र आधी ठरवूनच जावे. ती कुठे ठरवली याला फारसे महत्त्व नाही, बसस्थानकावरून सहज पोहोचता येईल एवढे पाहावे. पुढच्या रात्रींसाठी मात्र सगळे पैसे आधी भरून टाकू नयेत, कारण दमट गादी किंवा थंड पाणी कोणत्याही छायाचित्रात दिसत नाही. परीक्षणे वाचताना गुणांची सरासरी पाहण्याऐवजी गेल्या काही महिन्यांतील, विशेषतः इंडोनेशियन पाहुण्यांनी लिहिलेली परीक्षणे यंत्राने भाषांतर करून वाचावीत. परदेशी पाहुणे दृश्याबद्दल लिहितात, तर तिथले पाहुणे पाणी, पार्किंग आणि न्याहारी यांविषयी लिहितात.

आरक्षण केल्यावर मालकांना व्हॉट्सॲपवर आपली पोहोचण्याची वेळ कळवणे आवश्यक आहे. लहान होमस्टेची फाटके रात्री दहाच्या सुमारास बंद होतात आणि दारावर रात्रभर माणूस नसतो.

शेवंती :

मी आणि यजमान दोघेही शुद्ध शाकाहारी आहोत, त्यामुळे खाण्याबाबत जे कळले ते सविस्तर लिहिते.

स्वस्त हॉटेलातील न्याहारी म्हणजे बहुधा ‘नासी गोरेंग’ अर्थात परतलेला भात, किंवा परतलेल्या नूडल्स, आणि सोबत गोड चहा. त्यात अंडे वर ठेवलेले असते आणि कोंबडीचे तुकडे किंवा कोळंबीच्या पिठाची कुरडई असते. ‘मांस खात नाही’ एवढेच सांगून भागत नाही, कारण ‘दागिंग’ म्हटल्यावर अनेकांच्या डोळ्यांसमोर गोमांस येते आणि कोंबडी किंवा मासळी त्यात धरली जात नाही. म्हणून ‘साया तिदाक माकान दागिंग, आयाम, इकान, उदांग, तलुर’ असे एकेक नाव घेऊन सांगावे, म्हणजे मांस, कोंबडी, मासे, कोळंबी, अंडे. हे वाक्य रोमन लिपीत कागदावर लिहून घ्यावे आणि आदल्या रात्रीच स्वयंपाक करणाऱ्या बाईंच्या हाती द्यावे, कारण सकाळी सहा वाजता भात आधीच परतून झालेला असतो.

खरी अडचण ‘तरासी’ची असते. हा कोळंबीचा आंबवलेला लगदा आहे आणि तो बऱ्याच तिखट चटण्यांत घातलेला असतो. ‘पचल’ आणि ‘गादो-गादो’ हे उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याची चटणी घालून केलेले पदार्थ शाकाहारी वाटतात, पण त्यांच्या चटणीतही तरासी असू शकते, म्हणून ‘तान्पा तरासी’ असे सांगावे. जिथे चटणी समोर वाटून देतात तिथे हे जमते, आधी तयार करून ठेवलेली असल्यास जमत नाही. वोनोसोबोचा प्रसिद्ध ‘मी ओंग्लोक’ हा दाट रसातला नूडल्सचा पदार्थ मी टाळला, कारण त्याच्या रशात सुकी कोळंबी असते आणि सोबत गोमांसाच्या काड्या देतात. त्याच दुकानात मिळणारा ‘तेंपे कमुल’ मात्र आम्ही रोज खाल्ला. हळद घातलेल्या पिठात बुडवून तळलेल्या आंबवलेल्या सोयाबीनच्या त्या चकत्या गरम असताना अतिशय रुचकर लागतात. एखाद्या गाडीवर एकाच तेलात मासेही तळतात, म्हणून ज्यांना ते चालत नाही त्यांनी कढई पाहून घ्यावी.

पोटभर जेवणासाठी साधा भात, ‘ताहू’ म्हणजे टोफू, ‘तेंपे’ आणि पालेभाजी एवढे प्रत्येक ‘वारुंग’मध्ये, म्हणजे छोट्या खानावळीत, मिळते, आणि ते काचेच्या कपाटात मांडलेले असल्यामुळे बोटाने दाखवून घेता येते. खोलीत विजेची लहान किटली नेल्यास पोहे किंवा उपमा यांची तयार पाकिटे चालतात, परंतु जुन्या इमारतींत विजेचा मंजूर भार कमी असतो, म्हणून किटली लावण्यापूर्वी मालकांना विचारावे. पुष्कळ ठिकाणी व्हरांड्यात मोठ्या बाटलीचे पाणीयंत्र असते आणि त्यातून उकळत्याच्या जवळपास गरम पाणी मिळते, त्यामुळे किटली लागतही नाही. नळाचे पाणी पिऊ नये.

गोदाकाठ :

माझे वडील सत्तरीच्या पुढचे आहेत आणि त्यांच्या गुडघ्यांचा त्रास लक्षात घेता अशा ठिकाणी राहता येईल का, हे कृपया सांगावे. दिएंगलाच मुक्काम करावा की वोनोसोबोला, याविषयीही मार्गदर्शन हवे आहे.

पायवाट :

गोदाकाठ, स्वस्त ठिकाणी बसायचे शौचकूप नेहमी असतेच असे नाही. ‘वेसे दुदुक’ म्हणजे कमोड आणि ‘वेसे जोंग्कोक’ म्हणजे उकिडवे बसण्याचे शौचकूप, हे दोन शब्द लक्षात ठेवून आरक्षणापूर्वीच व्हॉट्सॲपवर न्हाणीघराचे छायाचित्र मागवावे, मालक ते आनंदाने पाठवतात. न्हाणीघराची फरशी कायम ओली असते आणि दारात बहुधा उंच उंबरा असतो, म्हणून रबरी तळव्याच्या चपला घ्याव्यात. लहान हॉटेलांत लिफ्ट नसते, त्यामुळे ‘लांताई सातू’ म्हणजे तळमजल्याची खोली मागावी. आपल्याकडे ज्याला पहिला मजला म्हणतात त्याला तिथे दुसरा म्हणतात.

मुक्कामाविषयी माझे स्पष्ट मत असे आहे की, ज्येष्ठांना घेऊन वोनोसोबोतच राहावे. दिएंगवर रात्री फार थंडी पडते. जुलै-ऑगस्टच्या कोरड्या दिवसांत तिथे पहाटे दहिवर गोठते आणि बटाट्याच्या पिकाचे नुकसान होते, आणि साध्या होमस्टेत खोली तापवण्याची सोय सहसा नसते. वोनोसोबोहून सकाळी लहान बसने तासाभरात वर जाता येते. अर्जुन मंदिरसमूह, सिकिदांगचे विवर आणि रंगीत तळे पाहून दुपारी परत उतरता येते. सिकुनिर टेकडीवरून सूर्योदय पाहायचा असेल तरच वर राहणे सार्थ आहे, कारण त्यासाठी पहाटे चारच्या आधी निघावे लागते. अशा वेळी फाटकाची किल्ली रात्रीच मागून घ्यावी.

नीलध्वजा :

एकट्याने प्रवास करणाऱ्या स्त्रियांसाठी काही लिहिते. जावातील लहान गावांत मला सुरक्षित वाटले, आणि त्याचे मोठे कारण असे की घरगुती होमस्टेत बहुधा घरातील स्त्रीच पाहुण्यांचे सारे पाहते. खोली पाहताना दाराची आतली कडी आणि खिडकीची खिटी स्वतः लावून पाहावी. व्हरांड्यात उघडणाऱ्या खिडक्यांचे पडदे अपुरे असतात, त्यासाठी ओढणी आणि चार चिमटे पुरतात. सामायिक न्हाणीघर असल्यास कपडे बदलून बाहेर येण्याची तयारी ठेवावी, टॉवेल गुंडाळून व्हरांड्यातून जाणे तिथे योग्य मानले जात नाही. चपला खोलीच्या किंवा घराच्या दाराशीच काढाव्यात.

पुरुष पाहुणे व्हरांड्यात सिगारेट ओढत बसतात आणि धूर खोलीत येतो, हा त्रास मला सर्वांत जास्त झाला. खोली धूम्रपानमुक्त आहे असे सांगितले तरी व्हरांडा तसा नसतो, म्हणून कोपऱ्यातील, येण्या-जाण्याच्या वाटेपासून दूरची खोली मागावी.

सागरमेघ :

मी नोकरीनिमित्त काही वर्षे जकार्त्यात राहत आहे, म्हणून कागदपत्रांबाबत थोडी भर घालतो.

हॉटेलांना परदेशी पाहुण्यांची नोंद स्थलांतर कार्यालयाकडे ऑनलाइन करावी लागते, त्यामुळे पारपत्र मागितले म्हणून शंका घेऊ नये. त्यांना छायाचित्र किंवा छायाप्रत काढू द्यावी, पण मूळ पारपत्र रात्रभर त्यांच्याकडे ठेवू नये. ते अनामत म्हणून मागत असतील तर त्याऐवजी रोख अनामत देऊ करावी. बहुतेक ठिकाणी ती स्वीकारतात.

पती-पत्नींनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ‘शरिया’ असे नावात लिहिलेल्या हॉटेलांत जोडप्यांकडे विवाहाचा पुरावा मागतात, आणि लहान गावांतील इतर निवासांतही तो मागितला जाऊ शकतो. भारतीय पारपत्राच्या शेवटच्या पानावर जोडीदाराचे नाव छापलेले असते, ते दाखवल्यास प्रश्न मिटतो. ज्यांच्या पारपत्रात ती नोंद केलेली नाही त्यांनी विवाह प्रमाणपत्राची इंग्रजी प्रत फोनमध्ये ठेवावी. २ जानेवारी २०२६ पासून लागू झालेल्या नव्या दंडसंहितेत विवाहबाह्य शरीरसंबंध हा गुन्हा आहे, मात्र त्याची तक्रार केवळ पती किंवा पत्नी, आई-वडील किंवा अपत्ये करू शकतात. पर्यटकांनी घाबरून जाण्याचे कारण नाही, परंतु अविवाहित जोडप्यांनी खोली देण्यास नकार मिळाल्यास वाद न घालता दुसरे ठिकाण पाहावे.

खोलीच्या छतावर एखादा बाण काढलेला दिसेल. तो मक्केची दिशा दाखवतो, बाहेर पडण्याचा मार्ग नव्हे. आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा मार्ग वेगळा पाहून ठेवावा.

तांबडमाती :

विजेच्या जोडणीविषयी कोणी लिहिले नाही. दाब आपल्यासारखाच २३० व्होल्टचा आहे, पण आपले तीन जाड गोल पिनांचे प्लग तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाहीत. दोन बारीक पिनांचे मोबाइल चार्जर बसतात, मात्र सॉकेट खोलगट आणि गोल असल्यामुळे रुंद, चौकोनी अंगाचा चार्जर आत पोहोचत नाही. लॅपटॉपसाठी युरोपीय पद्धतीचा जोडप्लग न्यावा. जुन्या खोलीत एकच सॉकेट असते आणि तेही पलंगापासून दूर, म्हणून छोटी विस्तारवायर उपयोगी ठरते.

याहून गंभीर गोष्ट अशी की, थंड गावांत पाणी तापवण्यासाठी स्वयंपाकाच्या गॅसवर चालणारे गीझर सर्रास वापरतात. ते बंद न्हाणीघराच्या आत बसवलेले असेल तर कार्बन मोनॉक्साइडने जीव जाऊ शकतो, आणि त्या वायूला वास नसतो. यंत्र आत असेल आणि भिंतीत हवा जाण्यासाठी उघडी जाळी नसेल तर ती खोली घेऊ नये, मग भाडे कितीही कमी असो. यंत्र बाहेर असून केवळ नळ आत आला असेल तर काळजीचे कारण नाही.

शेवंती :

तांबडमाती, हे फार महत्त्वाचे लिहिलेत. आम्ही राहिलो तिथे यंत्र मागच्या अंगणात होते, परंतु थंडी लागते म्हणून पाहुण्यांनी न्हाणीघराची जाळी प्लॅस्टिकने झाकलेली मी शेजारच्या खोलीत पाहिली होती. अशी जाळी कोणत्याही परिस्थितीत झाकू नये.

गोदाकाठ :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तळमजल्याची खोली, कमोड आणि बाहेर बसवलेले गीझर या तीन गोष्टी विचारून, छायाचित्रे मागवूनच आरक्षण करीन. कपडे धुण्याची काय सोय असते, एवढे एक विचारायचे राहिले.

पायवाट :

गावात ‘लाँड्री किलोआन’ अशा पाट्यांची दुकाने असतात. ती वजनावर पैसे घेतात, आणि साधारण ६,००० ते १०,००० रुपिया किलोमागे पडतात. किमान दोन-तीन किलोंची अट असू शकते. खोलीत कपडे धुऊन वाळवण्याचा प्रयत्न पावसाळ्यात, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च-एप्रिलमध्ये करू नये, कारण ते दोन दिवसांतही वाळत नाहीत आणि खोलीतली ओल वाढते. दुकानात देताना परत मिळण्याची तारीख चिठ्ठीवर लिहून घ्यावी आणि गाव सोडण्याच्या निदान एक दिवस आधीची घ्यावी, कारण पावसात त्यांचेही कपडे उशिरा वाळतात. शुक्रवारी दुपारी नमाजासाठी अनेक दुकाने दीड-दोन तास बंद असतात, त्या वेळी कपडे आणायला जाऊ नये.